बांधावरची नोंद कोणाच्या दप्तरात?

(अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



आजची विषयपत्रिका वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कापसाच्या भावाचा प्रश्न आहे, विजेचा आहे, कर्जाचा आहे, रानडुकरांचा आहे; आणि त्यांच्या मधोमध हा विषय : तरुण शास्त्रज्ञांना संगणकाची आणि मोबाईलची साधने शिकवून जैवविविधतेचे संशोधन एकमेकांच्या मदतीने कसे करायचे. हा कॉलेजातला विषय, चावडीवर कशाला आणला, असे कोणी विचारले तर त्यात काही चूक नाही. भंडारा म्हटले की लोकांच्या डोळ्यासमोर धान येतो, पण या मांडवात कोरडवाहू कापूस आणि ज्वारी करणारे पुष्कळ बसले आहेत. त्यांच्याच हिशेबाने मी हा विषय मांडणार आहे. जैवविविधता म्हणजे काही फक्त वाघ आणि मोर नव्हे. तुमच्या पऱ्हाटीवरची अळी, त्या अळीला खाणारी गांधीलमाशी, धुऱ्यावरचे गवत आणि घरच्या कणगीतले ज्वारीचे बियाणे, हे सगळे त्यात येते. या सगळ्याची नोंद कोण करतो, कशी करतो आणि ती कोणाच्या दप्तरात जाते, हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे.

आधी ज्वारीपासून सुरुवात करतो. २०१६ साली आफ्रिका खंडात अमेरिकन लष्करी अळी प्रथम दिसली. मका आणि ज्वारी ही तिची आवडती पिके. दोन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याच्या कृषी व बागायत विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांना ती मक्यावर सापडली. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण, शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके. पण नुसत्या डोळ्यांवर भरवसा न ठेवता त्यांनी अळीच्या जनुकाचा एक तुकडा वाचला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर जमा करून ठेवलेल्या नोंदींशी ताडून पाहिला. नाव पक्के झाले. जुलै संपता संपता बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने देशभर इशारा दिला. त्याच पावसाळ्यात ती महाराष्ट्रात शिरली आणि २०१९ च्या खरिपात मका-ज्वारीवाल्यांना तिची ओळख सांगायची गरजच उरली नाही.

यातली साखळी नीट पाहा. वावरात अळी दिसली, तिचा नमुना घेतला, नाव ठरले, नोंद झाली, इशारा निघाला. जी नोंद ताडून पाहिली ती दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या माणसाने आधी लिहून ठेवली होती म्हणून हे महिन्या-दोन महिन्यांत झाले. सहकार्य म्हणतात ते हेच. ते नसते तर आपण तिला साधी लष्करी अळी समजून हातात येईल ते औषध फवारत बसलो असतो.

आता उलटे उदाहरण. ते कापसाचे आहे. गुलाबी बोंडअळीला शास्त्रीय नाव १८४३ साली मिळाले. ते देणारा इंग्रज होता आणि नमुने गुजरातेतल्या भडोचकडच्या कपाशीतून गेले होते. म्हणजे कापूस आपला, अळी आपली, नुकसान आपले. नोंदवही मात्र तिकडची. पुढे २००२ साली बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीला ही अळी दाद देत नाही असे खुद्द बियाणे कंपनीनेच जाहीर केले. २०१५ च्या आसपास दोन जनुकांचेही तेच झाले. आणि २०१७ साली विदर्भात काय झाले ते तुम्ही विसरला नाही. डोमकळ्या दिसू लागल्या तेव्हा ओळखल्या नाहीत. बोंडे फुटली तेव्हा आत कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर जिवानिशी गेले.

२०१० ते २०१७ ही सात वर्षे होतात. माहिती जगात होती. शास्त्रज्ञांच्या लेखांत होती, कंपनीच्या कागदांत होती. ती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत यायला वाट नव्हती, आणि बांधावरचे वर जायलाही वाट नव्हती. फरदड ठेवू नका हे सांगणारा माणूस आला तोवर फरदडीतल्या अळीने पुढच्या हंगामाची सोय करून ठेवली होती.

तिसरे उदाहरण थोडे गोड आहे. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण आला, ज्याला आपण मिलीबग म्हणतो. हासुद्धा मूळचा अमेरिकेचा. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. पण काही शेतांत हे ढेकूण तपकिरी, टणक होऊन मरू लागले. त्यांच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीची अळी वाढत होती. २००९ मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात या शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले. ते आपल्या देशातले कीड-शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या आडनावावरून होते. पुढे अमेरिकेतले जुने नमुने शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळले, की ही माशी तिकडे फार आधीच नोंदलेली आहे. म्हणजे किडीच्या मागोमाग किडीचा शत्रूही आला होता. आपण मात्र किडीबरोबर त्यालाही विष पाजत होतो, कारण त्याची ओळख नव्हती. एका ओळखीची किंमत किती फवारण्या होते, याचा हिशेब ज्याने त्याने घरी जाऊन करावा.

आता ही साधने कोणती ते सांगतो. त्यात जादू काही नाही. मोबाईलने फोटो काढला की त्याबरोबर तारीख आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते. तो फोटो सामायिक भांडारात टाकला की यंत्र नावाचा अंदाज सांगते आणि जाणकार माणसे तो तपासून दुरुस्त करतात. पक्ष्यांच्या नोंदींसाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली ‘ईबर्ड’ सुरू केले, ते आज आपल्याकडचे हजारो लोक वापरतात. भारतातल्या सगळ्या जीवांसाठी ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ २००८ साली सुरू झाले. या साऱ्या नोंदी एकत्र करणारी जीबीआयएफ नावाची जागतिक संस्था २००१ पासून आहे. तिची कचेरी डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला आहे आणि तिच्या भांडारात आज तीन अब्जांहून अधिक नोंदी आहेत.

तीन अब्ज! पण या नोंदी कुठल्या? मोठ्या शहरांभोवतीच्या, पक्क्या रस्त्यांच्या कडेच्या, अभयारण्यांतल्या. ज्याच्याकडे दुर्बीण, गाडी आणि सुट्टी आहे तो जिथे जातो तिथल्या. कोरडवाहू कापसाचे आणि ज्वारीचे वावर या नकाशावर जवळजवळ कोरे आहे. आणि जे नकाशावर कोरे असते तिथे काही नाहीच, असे धरून धोरण ठरते. हे आपण भावाच्या बाबतीत अनुभवले आहे. उत्पादन खर्चाचा खरा हिशेब कागदावर नव्हता तोवर शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, म्हणून गरीब आहे, असेच सांगितले जात होते. चळवळीने हिशेब मांडला तेव्हा वाद घालता आला. येथेही तेच आहे.

म्हणून तरुण शास्त्रज्ञ तयार व्हायचे असतील तर ते आपल्या घरांतून व्हायला हवेत. आणि शिक्षण म्हणजे कोणते बटण कुठे दाबायचे एवढेच नव्हे. चार गोष्टी शिकवायला हव्यात.

पहिली, नावे. एकाच अळीला वर्धेकडे एक नाव, भंडाऱ्याकडे दुसरे, दुकानदाराच्या तोंडी तिसरे. गावातले नाव आणि शास्त्रीय नाव शेजारी-शेजारी लिहिता आले पाहिजे. जुन्या बायाबापड्यांना विचारल्याशिवाय ते जमत नाही.

दुसरी, माप. ‘लई अळी आहे’ ही नोंद नव्हे. वीस हिरवी बोंडे तोडली, चिरली, दोनांत अळी निघाली, ही नोंद. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडले, ही नोंद. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग किंवा शंभरात दहा बोंडे किडलेली, ही फवारणीची पातळी शास्त्रज्ञांनी ठरवली आहे. सगळ्यांनी एकाच मापाने मोजले तरच यवतमाळचा आकडा पवनीच्या आकड्याशी ताडता येतो. आणि एक लक्षात ठेवा : शून्य हीसुद्धा नोंद आहे. आज अळी सापडली नाही हे ज्याने लिहिले, त्याची एक फवारणी वाचली.

तिसरी, शंका. यंत्राने सांगितलेले नाव हा अंदाज असतो. आपल्या साध्या अळीला यंत्र परदेशी अळी म्हणू शकते. पोराला ‘हे कशावरून?’ असे विचारता आले पाहिजे.

चौथी, श्रेय आणि संमती. माहिती कोणी दिली त्याचे नाव लिहायचे, आणि त्याला विचारून लिहायचे.

हे आपल्या राज्यात झालेच नाही असे मी म्हणणार नाही. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात अळ्यांनी सोयाबीन फस्त केले. त्यानंतर २००९ पासून राज्याच्या कृषी खात्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतात जातात, मोजतात, आकडे संगणकात भरतात, शास्त्रज्ञ ते पाहून सल्ला देतात. कल्पना चांगली आहे. पण आकडा गावातून वर जातो आणि गावात त्याची प्रत राहत नाही. मागच्या पाच वर्षांत आपल्या गावात बोंडअळी कोणत्या आठवड्यात चढली, हे विचारले तर आपल्या ग्रामपंचायतीत कोणाला सांगता येईल का? दूध डेअरीला घालून ताक विकत आणण्यातला हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली ती लोकांनी आपले ज्ञान आपण लिहावे म्हणून. वर्षानुवर्षे कोणी हलले नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. झाले! घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. तुमच्या गावची नोंदवही कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, ती कोणत्या कपाटात आहे? या मांडवात ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली असेल त्यांनी हात वर करावा.

बरे, हे नीट होऊच शकत नाही का? आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गाव आहे. तिथल्या लोकांनी अभ्यासगट केले. बाहेरचे जाणकार बोलावले, त्यांच्याबरोबर बसून आपले जंगल मोजले, लिहिले, चर्चा केली. निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वांच्या संमतीने घेतला. २००९ मध्ये त्यांना अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. नुसत्या घोषणेने तो मिळाला नाही, अभ्यास पाठीशी होता. आणि आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर बांधवांबरोबर काम केले आहे. कोणती देशी मासळी कोणत्या पाणवनस्पतीच्या आधाराने वाढते हे ज्ञान ढिवरांकडे होतेच. ते लिहिले गेले, तपासले गेले, आणि बेशरमाने भरलेल्या तलावांत त्या वनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. तिथे अभ्यास करणारा आणि पाण्यात उतरणारा एका बाजूला होते.

आता सर्वांत मोठा प्रश्न : नोंद झाली, तर मालकी कोणाची?

दादाजी खोब्रागडे यांचे नाव तुम्हाला सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड गाव. दीड-दोन एकरांचा धनी. १९८३ साली त्यांनी आपल्या बांधीत वेगळ्या लोंब्या पाहिल्या, बाजूला काढल्या, वर्षामागून वर्षे निवडत गेले. तोच एचएमटी धान. व्यापाऱ्यांनी विकला, लाखो लोकांनी खाल्ला. विद्यापीठाने तो शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी नावाने प्रसारित केला. दादाजींना मान मिळाला, पुरस्कार मिळाले, पण फार उशिरा. वाणाचा मोबदला मिळाला नाही, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले ते गरिबीतच. त्यांच्या निवडीची दरवर्षीची, तारखेची, साक्षीची नोंद गावाच्या दप्तरात असती, तर वाद घालायला हातात काही राहिले असते.

आणि आज चोरी करायला बियाणेसुद्धा न्यावे लागत नाही. ज्वारीच्या एका दाण्यातली जनुकांची मांडणी वाचली, ती संगणकात भरली, की दाणा इथे राहिला तरी त्यातले गुपित जगात कुठेही पोचते. आपल्या ज्वारीचे नमुने हैदराबादजवळ इक्रिसॅटच्या बीजपेढीत आहेत. तिथे जगभरातल्या ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने जपले आहेत आणि ते चांगलेच काम आहे. पण वाचलेली माहिती वापरून कोणी कमाई केली तर मूळ जपणाऱ्याला काय? या प्रश्नावर देशोदेशींची सरकारे बरीच वर्षे भांडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात ठरले, की अशी माहिती वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा हजारावा हिस्सा एका निधीत द्यावा, आणि त्यातला निदान अर्धा मूळनिवासी आणि स्थानिक समाजांसाठी असावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा काली निधी सुरू झाला. पण देणे कंपनीच्या मर्जीवर आहे. मर्जीवरच्या पैशावर कोणी पेरणी करू नये, हे मी वेगळे सांगायला नको. तरीही जगाने एवढे मान्य केले आहे, की माहितीलाही किंमत आहे. किंमत असलेला माल आपण आजवर फुकट देत आलो.

म्हणून मग सगळे बंद करायचे का? मोबाईल फेकून द्यायचा, पोरांना विद्यापीठात पाठवायचे नाही, शास्त्रज्ञाला गावाच्या वेशीवरून परत लावायचे? नाही. तंत्रज्ञानाला पाठ दाखवून शेतकऱ्याचे कधी भले झालेले नाही. शेतमाल विकणे आपण कधी बंद केले नाही, भाव मागितला. माहितीचेही तेच करायचे.

एक शंका मला येताना गाडीतच विचारली गेली. ‘बांधीत सारसाने घरटे केले किंवा वावरात काही दुर्मिळ निघाले आणि ते आम्ही नोंदले, तर उद्या वनखाते येऊन आमचे हात बांधेल का?’ उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाची ही भीती खोटी नाही. याचे उत्तर दोन भागांत आहे. या भांडारांत दुर्मिळ जीवांचे नेमके ठिकाण झाकायची सोय असते. काही ठिकाणी तर धोक्यातल्या जातीची जागा आपोआप वीस-एक किलोमीटरच्या चौकोनात धूसर केली जाते. हे वापरायला शिकवणे प्रशिक्षणात हवेच. दुसरे, घरटे टिकले ते शेतकऱ्याने बांधीत कापणी मागे ठेवली म्हणून, हेही त्याच नोंदीत लिहिले गेले पाहिजे. सारस आज महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातच मूठभर उरला आहे, आणि तो धानाच्या बांध्यांतही घरटे करतो. राखणदार कोण हे कागदावर आले, तर भरपाई मागायला तोंड राहते.

तेव्हा या बैठकीपुढे मी पाच गोष्टी ठेवतो. पसंत पडल्या तर ठराव करा.

एक : राज्य जैवविविधता मंडळ नागपुरात आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे, कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे. त्यांनी नोंदी आणि संगणकाच्या साधनांचे शिक्षण तालुक्याच्या गावी, मराठीत, उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत द्यावे. प्रत्येक गावातून दोन जण, त्यांत एक मुलगी. कापूस वेचताना बोंड कोणाच्या हातात असते, हे आठवा.

दोन : हे काम फुकट करून घेऊ नये. सर्वेक्षकाला मजुरी मिळते, तर शेतकऱ्याच्या लेकरालाही मिळावी. ज्ञानाच्या नावाखाली वेठ नको.

तीन : गावात येणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आधी ग्रामसभेत काम समजावून सांगावे आणि काम संपल्यावर नोंदींची मराठी प्रत गावाला द्यावी. प्रत नाही तर पुढच्या वेळी परवानगी नाही.

चार : कीड, पाऊस, पक्षी यांच्या नोंदी जगाला खुल्या असाव्यात, त्यात सगळ्यांचाच फायदा आहे. घरचे वाण आणि औषधी वनस्पतींचे ज्ञान मात्र ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुठल्याही भांडारात जाऊ नये. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि कंपनीच्या नावाचा शिक्का न मारता विकण्याचा हक्क दिला आहे. आपले वाण आपल्या नावाने नोंदवण्याचीही सोय त्यात आहे.

पाच : गावची नोंदवही कपाटातून काढून ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. चुकीचे खोडावे, राहिलेले लिहावे.

ठरावाची वाट न पाहता या खरिपातच करण्यासारखे एक काम सांगून थांबतो. एक दोनशे पानी वही घ्या. पेरणीची तारीख लिहा, वाण लिहा. पीक दीड महिन्याचे झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावा, आणि रोज सकाळी पतंग मोजून आकडा लिहा. डोमकळ्या दिसल्या तर किती, ते लिहा. घरातले शिकलेले लेकरू रविवारी तोच आकडा मोबाईलवर चढवील. दिवाळीच्या बैठकीला गावोगावच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवू. कोणत्या गावात पतंग आधी उडाला, कोणाची फवारणी वाचली, कोणी उगाच पैसे घातले, ते आपल्याच अक्षरात समोर दिसेल. मग शास्त्रज्ञाला बोलवू आणि त्याच्यासमोर वही उघडून बसू. आजवर तो विचारायचा आणि आपण सांगायचो. त्या दिवशी दोघेही एकमेकांना विचारतील.

दिवाळीला येताना वह्या घेऊन या. रिकाम्या हाताने येऊ नका.